काकीच्या अंगावरचे डाग

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी पुतण्याचे दोन फोन आले, "आप्पा, ब्लॉग बंद केलात काय?" बंद नाही केला. एक विषय डोक्यात होता आणि तो लिहायला ज्या व्यक्तीची परवानगी हवी होती ती मिळत नव्हती. गेल्या महिन्यात मिळाली. म्हणून आज जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आयुष्यभर मी शाळेत इतिहास शिकवला. मुलांना एक वाक्य इतक्या वेळा सांगितलं की ती माझी नक्कल करायची: "पुरावा कुठाय?" आज तोच प्रश्न मला घरातल्याच एका गोष्टीबद्दल स्वतःला विचारायचा आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात दादाच्या (माझा थोरला भाऊ, तेव्हा वय ७९) हातावर काळानिळा डाग उठला. कुठे आपटल्याचं आठवेना. वहिनींनी आंबेहळद उगाळून लावली. चार दिवसांत दुसरा डाग मांडीवर, चांगला ताटलीएवढा. दादाला रक्त पातळ करणारी गोळी चालू नव्हती. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे दुखण्यासाठी कमरेत इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी नारळाएवढी सूज! हिमोग्लोबिन १२ वरून ७ वर आलं. रक्त बाहेर कुठेच सांडलं नव्हतं, सगळं आतल्या आत मांसात मुरलं होतं.

मग मुंबईला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले, जुने रिपोर्ट पाहिले आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. एपीटीटी नावाची एक साधी तपासणी असते. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते तीत कळतं. साधारण ३०-३५ च्या आसपास असायला हवेत, दादाचे ८८ होते. प्लेटलेट ठीक, दुसरी पीटी नावाची तपासणीही ठीक. बाई म्हणाल्या, "आजोबांना हिमोफिलिया झालाय असं वाटतंय."

मी चकितच झालो. हिमोफिलिया म्हटलं की आम्हा इतिहासवाल्यांना राणी व्हिक्टोरिया आठवते. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली पडण्याचं निमित्त होऊन गेला. तिचा पणतू, रशियाचा युवराज अलेक्सी, याच आजाराचा, आणि त्याच्यापायी रासपुतिन राजवाड्यात शिरला. पण तो आजार आईकडून मुलाला जन्मतःच येतो. ७९ वर्षं धडधाकट राहिलेल्या, भातशेती केलेल्या, विळ्याने शंभरदा हात कापून घेतलेल्या माणसाला तो म्हातारपणी कसा होईल?

होतो. त्याला ॲक्वायर्ड हिमोफिलिया म्हणतात, आपण 'मागाहून आलेला' म्हणू. रक्त गोठवायला एकामागून एक कामाला लागणारी प्रथिनं असतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. जन्मजात आजारात त्यातला आठवा किंवा नववा फॅक्टर मुळातच कमी बनतो. मागाहून आलेल्या आजारात आठवा फॅक्टर बनतो व्यवस्थित, पण शरीराचे शिपाई, म्हणजे प्रतिपिंडं, त्यालाच शत्रू समजून निकामी करतात. जन्मजात आजारात रक्त सांध्यांत साचतं, तर या दुसऱ्यात जास्त करून कातडीखाली आणि मांसात.

हा आजार फार दुर्मीळ. ब्रिटनमधल्या मोजणीनुसार दहा लाख माणसांत वर्षाला साधारण दीड रुग्ण. हाच हिशेब महाराष्ट्राला लावला तर दरवर्षी दीडशेच्या वर भरतात. आपल्याकडे म्हातारे तुलनेने कमी म्हणून शंभर धरा. त्यातल्या किती जणांना आजाराचं नाव कळत असेल, देव जाणे. हा आजार दोन वयांत जास्त दिसतो. एक म्हणजे साठी-सत्तरीनंतर, बाई-पुरुष दोघांतही. आणि दुसरं, तरुण बायकांत, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत.

हे दुसरं वाक्य बाई सहज बोलून गेल्या. दादा खाटेवर डोळे मिटून पडला होता. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, हे डाग मी आधी पाहिलेत. काकीच्या अंगावर."

आता काकीबद्दल सांगायला हवं.

१९६२ साल. आमचं पळस्पे तेव्हा कुलाबा जिल्ह्यातलं भातखाचरांचं गाव. पुण्याच्या रस्त्याला गोव्याचा रस्ता फुटतो तो फाटा होता, पण आजच्यासारखे कंटेनर नव्हते. माझी धाकटी काकी वैशाखात बाळंत झाली, मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप. मी बारा वर्षांचा होतो. बाळंतखोलीतला शेगडीचा, ओव्याच्या धुरीचा वास मला अजून आठवतो. सव्वा महिना झाला, मृग लागला आणि काकीच्या दंडावर डाग उठले. मग मांडीवर, मग पाठीवर. सुईण रोज तेल लावून अंग रगडायची, तसे डाग वाढत गेले. कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं बाळंतवात. पनवेलला एका डॉक्टरांकडे नेलं, इंजेक्शन दिलं, तिथे गाठ आली. मग लघवीतून रक्त जायला लागलं. मुंबईला मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल झाला १९७३ साली, तेव्हा तो नव्हता. मुंब्र्यावरून ठाणे, तिथून मुंबई. एका ओळखीच्या ट्रकमध्ये गादी टाकून नेली. मुंब्र्याच्या अलीकडेच ती गेली. वय असेल बावीस-तेवीस.

तिच्या माहेरचे पेणकडून आले. त्यांनी अंग पाहिलं. अंगभर काळेनिळे डाग असलेली बावीस वर्षांची मुलगी पाहून आईबाप काय समजणार? नाना, म्हणजे माझे काका, तापट होते. जेवणाचं ताट भिरकावलेलं मी स्वतः पाहिलंय. त्यांना मुलगा हवा होता हेही गावाला माहीत होतं. पोलिसांत कोणी गेलं नाही, पण चार माणसं बसली, आणि दोन महिन्यांची मुलगी पेणकरांनी उचलून नेली ती कायमची. नाना पुन्हा लग्न करायला निघाले तर कोणी मुलगी देईना. पुढे तीसेक वर्षं ते एकटे राहिले. त्यांनी कधी "मी मारलं नाही" असं मोठ्याने म्हटलेलंही मला आठवत नाही. गावात त्यांची ओळख 'बायकोला मारणारा' अशीच राहिली. खोटं कशाला बोलू, मीही तेच धरून चाललो होतो.

असो. दादाच्या खाटेशी बसून मी मोबाईलवर वाचायला लागलो, डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून हैराण केलं (त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली, देव त्यांचं भलं करो). वाहतं रक्त थांबवण्याचा माणसाचा इतिहास समजून घेतला. तो थोडक्यात सांगतो, कारण काकीच्या प्रश्नाचं जेवढं उत्तर मिळतं ते त्यातच आहे.

आपल्या घरात रक्त थांबवायला काय असायचं? हळद, न्हाव्याकडची तुरटी, बांधावरचा दगडीपाला. कापल्या बोटाला हे पुरतं. पण आत वाहणाऱ्या रक्ताला पाला कुठून लावणार?

पुढची गोष्ट वाचून तर मी उठून बसलो. १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन नावाच्या तरुण डॉक्टरांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या बार्नेट यांच्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिमोफिलियाच्या जखमेवर त्यांनी सापाचं विष अगदी पातळ करून लावलं, आणि रक्त गोठलं! साप कुठला? तर आपली घोणस! भातकापणीला पेंढ्याखाली कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते तीच. इंग्रजीत तिला पॅट्रिक रसेल यांचं नाव आहे. हे अठराव्या शतकात मद्रास इलाख्यात होते आणि हिंदुस्थानातल्या सापांवरचा त्यांचा ग्रंथ १७९६ चा.

घोणस चावली की माणसाला रक्तस्राव होतो हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक. मग तिचं विष रक्त थांबवेल कसं? याचं उत्तर पुढे संशोधनातून मिळालं. हे विष थेट दहाव्या फॅक्टरला जागं करतं. चावल्यावर हे अंगभर एकदम होतं, गोठवण्याची सगळी सामग्री संपून जाते आणि मग रक्त थांबत नाही. पण जखमेवर थेंबभर लावलं तर तिथल्या तिथे गोठतं. आठव्या फॅक्टरची गरजच पडत नाही.

पळस्पेकरांना हे लगेच समजेल. गोव्याच्या रस्त्यावर गाड्या अडकल्या की आपण काय करतो? कोंडी फुटायची वाट न बघता आडवाटेने पुढे जाऊन लागतो. घोणस आठव्याची कोंडी टाळून थेट दहाव्याला गाठते. अर्थात ते विष टोचून घेता येत नाही, वरून लावायलाच ठीक. पण पुढे पन्नास वर्षांनी जे औषध आलं त्याची कल्पना हीच.

मधली पन्नास वर्षं माणसाने दुसरी वाट धरली, जे कमी आहे ते बाहेरून घाला. आधी रक्त, मग रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा. १९५४ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये याच मॅकफार्लेन यांनी रोझमेरी बिग्ज आणि एथेल बिडवेल या सहकारी बायकांबरोबर गाईबैलांच्या आणि डुकरांच्या रक्तातून आठवा फॅक्टर काढला. १९६४ साली अमेरिकेत जुडिथ पूल या बाईंना दिसलं की गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळू दिला की तळाशी जो साका राहतो त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. हे क्रायोप्रेसिपिटेट साध्या रक्तपेढीतही करता येतं, त्यामुळे गरीब देशांना फार उपयोगी पडलं. पुढे हजारो दात्यांचं रक्त एकत्र करून पावडर बनू लागली, आणि १९८० च्या दशकात तिच्यातूनच एड्सचा विषाणू जगभरच्या हजारो हिमोफिलियाग्रस्तांच्या अंगात गेला. तो इतिहास वेगळा आणि दुःखाचा आहे.

जन्मजात आजारात बाहेरून घातलेला फॅक्टर कामी येतो. मागाहून आलेल्या आजारात मात्र घालाल तेवढा शिपाई गिळंकृत करतात. हे ओळखायची तपासणी फार सुंदर आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत करावी अशी. रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी माणसाचा तेवढाच प्लाझ्मा मिसळायचा. फॅक्टर नुसता कमी असेल तर मिश्रण नीट गोठतं. शिपाई असतील तर ते निरोगी प्लाझ्मातलाही फॅक्टर मारतात आणि मिश्रण गोठतच नाही. मात्र हे कधीकधी लगेच दिसत नाही. म्हणून मिश्रण शरीराच्या उष्णतेला दोन तास ठेवून पुन्हा बघावं लागतं. दादाचं पहिल्यांदा बरं आलं होतं, दोन तासांनी बिघडलं!

यावर दोन उपाय निघाले. एक, डुकराचा आठवा फॅक्टर. माणसाच्या फॅक्टरवर उठलेले शिपाई पुष्कळदा त्याला ओळखत नाहीत. कत्तलखान्यातल्या रक्तापासून बनणारं ते औषध २००४ च्या सुमारास बंद झालं, आणि जनुकं वापरून कारखान्यात बनवलेल्या डुकरी फॅक्टरला याच आजारासाठी अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. दुसरा उपाय वळशाचा. स्वीडनच्या डॉ. उल्ला हेडनर यांनी सातवा फॅक्टर जागा करून दिला तर आठव्याला वगळून दहाव्यापर्यंत पोचता येईल असा विचार केला. १९८३ साली दोन रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला, १९८८ मध्ये कृत्रिम रीतीने बनवलेला फॅक्टर शस्त्रक्रियेत वापरला. प्लाझ्मापासून बनवलेलं याच तऱ्हेचं आणखी एक मिश्रण १९७० च्या दशकापासून होतं. युरोपातल्या १३ देशांतल्या ५०१ रुग्णांची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वळशाच्या औषधांनी दहातल्या नऊ जणांचं रक्त थांबलं, नुसता मानवी आठवा फॅक्टर वगैरे दिलेल्यांत दहातल्या सातांचं. त्या रुग्णांचं मधलं वय ७४ होतं, म्हणजे माझ्याच जोडीचे सगळे!

रक्त थांबवणं हे अर्धं काम. दुसरं अर्धं म्हणजे चुकलेल्या शिपायांना घरी बसवणं. त्यासाठी स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फमाइड, रिटुक्सिमॅब. याला आठवडे लागतात आणि तेवढ्यात साधा ताप-खोकलाही जीव घेऊ शकतो, कारण प्रामाणिक शिपाईही झोपतात. अलीकडे आठव्याच्या जागी उभं राहून नववा आणि दहावा यांची गाठ घालून देणारं एमिसिझुमॅब नावाचं इंजेक्शन आलंय. जपानने २०२२ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता दिली.

दादाला वळशाचं औषध दिलं. सुरुवातीला दर तीन तासांनी शिरेतून. किंमत सांगत नाही, एवढंच सांगतो की पुतण्याने फाट्याजवळचा तुकडा विकायला काढला होता. दोन संस्थांनी आणि बऱ्याच नातेवाइकांनी हात दिला म्हणून तो वाचला. तुम्ही वाचताय त्यातल्या कित्येकांचे पैसे त्यात आहेत, विसरलो नाही. पाचव्या दिवशी सूज वाढायची थांबली. सात आठवड्यांनी आठवा फॅक्टर परत दिसू लागला. दादा आज ओट्यावर बसून पेपर वाचतो.

आता काकी. पुरावा कुठाय?

तिच्या रक्ताची कसलीही तपासणी झाली नाही. कागद नाही, फोटो नाही. आहे ती एका म्हाताऱ्याची ६१ वर्षांपूर्वीची आठवण आणि एका बारा वर्षांच्या पोराची. माझ्या बाजूने एवढंच मांडता येतं: डाग बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने आले, रगडल्यावर वाढले, इंजेक्शनच्या जागी गाठ आली, लघवीतून रक्त गेलं. या चारही गोष्टी या आजारात बसतात. दुसऱ्याही काही आजारांत बसतील. आणि आजार होता म्हणून नानांनी कधी हात उचलला नसेल असंही सिद्ध होत नाही. बायकांच्या अंगावरचे डाग पुष्कळदा तेच असतात जे दिसतात, हे मला बजावून सांगायचंय. माझ्या या लेखाचा आधार घेऊन कोणी कुणाला सोडवू नये.

मला रुखरुख वेगळीच आहे. त्या वेळी जगाला हे माहीत होतं! रक्त गोठू न देणारं काहीतरी रुग्णाच्याच रक्तात फिरतं असं १९४० पासून लिहिलं जात होतं, बाळंतपणानंतरचे असे रुग्णही त्या दशकात नोंदले गेले. आणि परळला, इथून पन्नासेक किलोमीटरवर, १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' शोधला होता. तिथे १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र निघालं. त्याचीच पुढे राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झाली. तिथल्या डॉ. श्रीमती शेट्टी (श्रीमती हे नावच आहे), डॉ. कांजाक्ष घोष आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याच आजारावर मोठा आढावा लिहिलाय.

काकी परळला पोचली असती तर वाचली असती का? वळशाचं औषध तेव्हा नव्हतं. ताजं रक्त चढवलं असतं, कदाचित कॉर्टिसोन दिलं असतं. पण बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला छळते. बाळंतिणींमधला हा आजार पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप जातो. तोवर रक्त वाहू दिलं नाही तर बाई जगते. म्हणजे तिला रगडलं नसतं, टोचलं नसतं, खडखडत्या ट्रकमधून नेलं नसतं, तर... जाऊ द्या. या 'तर'ला इतिहासात जागा नसते असं मीच शिकवायचो.

तिची मुलगी, माझी चुलतबहीण, आता साठीच्या पुढे आहे. हा ब्लॉग वाचते. नानांच्या तेराव्याला ती आली नव्हती. गेल्या महिन्यात ती पळस्प्याला आली, दादाजवळ बसली. पुतण्याच्या मोबाईलमध्ये दादाच्या मांडीचा तेव्हाचा फोटो होता, तो तिने मोठा करून बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, "भाऊ, मग मी काय मानायचं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, असं मानायला आता हरकत नाही."

ती काही बोलली नाही. निघताना मात्र तिने नानांचा फोटो मागितला. आमच्याकडे एकच होता, भिंतीवरचा. काढून दिला. आणि म्हणाली, "लिहा तुम्ही. माझं नाव नको."

तर मंडळी, दोन कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. घरात म्हाताऱ्या माणसाला किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला मार न लागता मोठाले डाग उठले, तर रगडू नका, ॲस्पिरिन देऊ नका, कमरेत इंजेक्शन घेऊ नका. डॉक्टरांना एपीटीटी करायला सांगा, फार महाग नसते. आणि ती वाढलेली आली तर रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या.

पेणकरांपैकी कुणाच्या घरी काकीचा एखादा फोटो असेल, लग्नातला सुद्धा चालेल, तर कळवा. तिच्या मुलीकडे एकही नाही.